गाडीचा रंग, पुढचे दिवे आणि रस्त्यावरची खडी

गणेशोत्सवासाठी कोकणात जाऊन आलेली गाडी मुंबईत किंवा पुण्यात परतल्यावर धुतली जाते, तेव्हा बॉनेटच्या पुढच्या कडेवर तांदळाच्या कणीएवढे ठिपके प्रथमच नजरेस पडतात. चिखलाचे शिंतोडे समजून ते पुसण्याचा प्रयत्न होतो. पण ते निघत नाहीत, कारण तेथे काही चिकटलेले नसून तेथला रंग निघून गेलेला असतो. वर्ष-दोन वर्षांत याच ठिपक्यांच्या कडा तांबूस होतात. दरम्यान पुढच्या दिव्यांच्या काचा निस्तेज, पिवळसर दिसू लागतात. गाडीचे हे वार्धक्य वयामुळे आले, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात त्याला खडी, धूळ, ऊन आणि दमट हवा अशी चार निश्चित कारणे असतात आणि प्रत्येकावर उपाय आहे.

हा प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. रंग हे पत्र्याचे गंजापासून संरक्षण करणारे कवच आहे, तर दिव्याची स्वच्छ काच ही रात्रीच्या प्रवासातील सुरक्षिततेची पहिली अट आहे.

रंगाचे चार थर

कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या गाडीवर रंगाचा एकच लेप नसतो. पत्र्यावर प्रथम फॉस्फेटची प्रक्रिया होते. नंतर संपूर्ण सांगाडा रसायनाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने गंजरोधक थर चढवला जातो. त्यावर प्रायमर, त्यावर मूळ रंगाचा 'बेस कोट' आणि सर्वांत वर पारदर्शक 'क्लिअर कोट' असतो. या सर्व थरांची एकत्रित जाडी साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या ते दहाव्या हिश्श्याएवढी भरते. दोन केस एकमेकांवर ठेवले तर होईल एवढ्या जाडीच्या या लेपावर गाडीचे आयुष्य बऱ्याच अंशी अवलंबून असते.

खडीचा आघात झाल्यावर कोणता थर उघडा पडला, हे डोळ्यांनी ओळखता येते. खळग्याच्या तळाशी निस्तेज करडा किंवा पांढरट रंग दिसला, तर प्रायमर शाबूत आहे असे समजावे. तळाशी धातूची चकाकी दिसली तर पत्रा उघडा पडला आहे. तांबूस छटा दिसली तर गंज सुरू झाला आहे. पहिल्या प्रकारात सवडीने दुरुस्ती केली तरी चालते. दुसऱ्या प्रकारात ती काही दिवसांत व्हायला हवी, विशेषतः पावसाळ्यात आणि किनारपट्टीवर. समुद्राजवळच्या हवेतील क्षारांमुळे उघड्या लोखंडाचा गंज झपाट्याने वाढतो आणि तो रंगाच्या खालून आजूबाजूला पसरतो. वरून मोहरीएवढा दिसणारा डाग खाली नखाएवढा झालेला असू शकतो.

पुढचा बंपर मात्र बहुतेक गाड्यांत प्लॅस्टिकचा असतो. त्यावरचा टवका कितीही खोल असला तरी गंजत नाही. काही गाड्यांचे बॉनेट अॅल्युमिनियमचे असते; त्यावरही लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. कोणता भाग लोखंडी आहे याची शंका असल्यास मऊ कापडात गुंडाळलेले लहान लोहचुंबक लावून पाहावे. चुंबक जेथे चिकटेल तेथे दुरुस्तीला प्राधान्य द्यावे.

दगड येतो, की गाडी जाते?

पुढच्या वाहनाच्या चाकातून दगड बंदुकीच्या गोळीसारखा मागे सुटतो, अशी सर्वसाधारण कल्पना आहे. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. फिरत्या टायरचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणी रस्त्याच्या दृष्टीने जवळजवळ स्थिर असतो. टायरच्या खाचेत अडकलेला खडा जमीन सोडताच सुटला, तर तो मुख्यतः वर उडतो. मागे फारसा येत नाही. हवेत तरंगणाऱ्या त्या खड्यावर मागून येणारी गाडी पूर्ण वेगाने जाऊन आदळते. म्हणजे बहुतेक वेळा आघाताचा जोर ठरतो तो स्वतःच्या गाडीच्या वेगावर.

हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरऐवजी १०० किलोमीटर वेग ठेवला, तर वेग सव्वापट होतो, पण आघाताची ऊर्जा दीडपटीहून अधिक होते. ६० आणि १०० यांच्यातील फरक तर पावणेतीन पटींहून थोडा अधिक आहे. पाच ग्रॅम वजनाचा लहानसा खडा ताशी १०० किलोमीटर वेगाच्या गाडीला लागतो, तेव्हा त्याची ऊर्जा एक किलोचे वजन सुमारे २० सेंटीमीटर उंचीवरून पडल्याएवढी असते; आणि ती सारी खड्याच्या एका टोकावर एकवटलेली असते. महाराष्ट्राच्या पठारावरील रस्त्यांची खडी बव्हंशी काळ्या बेसाल्ट खडकाची असते. हा खडक कठीण असून क्रशरमधून निघताना त्याला धारदार कडा येतात. क्लिअर कोटला तडा जाण्यास तेवढे पुरे होते.

यातून दोन साधे नियम निघतात. पहिला नियम अंतराचा. पुढच्या वाहनापासून किमान तीन सेकंदांचे अंतर ठेवावे. ताशी ८० किलोमीटर वेगाला हे अंतर सुमारे ६७ मीटर, तर १०० किलोमीटर वेगाला सुमारे ८३ मीटर होते. पुढच्या वाहनाने एखादा खांब ओलांडल्यापासून आपण त्या खांबाशी पोहोचेपर्यंत मनातल्या मनात सेकंद मोजले, की अंदाज येतो. एवढ्या अंतरात उडालेला खडा बहुधा खाली पडून स्थिरावतो. खडी, मुरूम किंवा वाळू वाहणारा डंपर ताडपत्रीशिवाय दिसला, तर अंतर आणखी वाढवावे. त्याला ओलांडायचेच असेल तर दृष्टी मोकळी असलेल्या ठिकाणी एकदाच ओलांडावे. त्याच्या मागे घुटमळत राहू नये.

दुसरा नियम वेगाचा. नुकतेच डांबरीकरण झालेल्या, वरची बारीक खडी अजून दबलेली नसलेल्या रस्त्यावर, तसेच रुंदीकरणाच्या कामाजवळच्या वळणरस्त्यांवर वेग निम्म्यावर आणावा. पावसाळ्यानंतर खड्डे बुजवण्यासाठी टाकलेली खडी रस्ताभर पसरलेली असते. अशा ठिकाणी वाचवलेली पाच मिनिटे पुढे रंगाऱ्याच्या दुकानात भरून द्यावी लागतात.

संरक्षक फिल्म, कोटिंग आणि मेण

बाजारात गाडीच्या रंगासाठी अनेक उपचार विकले जातात आणि ग्राहकाचा गोंधळ होतो तो येथेच. मेण, पॉलिश, टेफ्लॉन कोटिंग, सिरॅमिक कोटिंग आणि पारदर्शक संरक्षक फिल्म ही सारी एकाच कामाची साधने नाहीत.

मेण आणि टेफ्लॉनचे लेप रंगाला चकाकी देतात आणि पाणी टिकू देत नाहीत. त्यांचा प्रभाव काही आठवडे ते काही महिने राहतो. सिरॅमिक कोटिंग हा मुख्यतः सिलिकायुक्त कठीण लेप अधिक काळ टिकतो. धूळ, पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चीक यांपासून तो रंगाला चांगले संरक्षण देतो आणि गाडी धुणे सोपे करतो. पण त्याची जाडी फार तर काही मायक्रॉन असते. खडीचा मार झेलण्याची शक्ती त्यात नसते. 'सिरॅमिक केले, आता टवके उडणार नाहीत,' असे आश्वासन कोणी दिल्यास ते स्वीकारू नये.

खडीविरुद्ध खरोखर उपयोगी पडते ती पॉलियुरेथेनची पारदर्शक फिल्म. तिचा उगम लष्करी आहे: व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू आणि कचऱ्यापासून वाचवण्यासाठी अशा फिल्मचा वापर सुरू झाला, पुढे ती शर्यतीच्या मोटारींवर आणि नंतर सर्वसामान्य गाड्यांवर आली. तिची जाडी साधारणतः १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे गाडीच्या मूळ रंगाहूनही अधिक असते. ती लवचीक असल्याने आघात पसरवून जिरवते. चांगल्या प्रतीच्या फिल्मच्या वरच्या थरावर पडलेले बारीक ओरखडे उन्हाच्या किंवा गरम पाण्याच्या उष्णतेने भरून येतात. मात्र फिल्म आरपार फाटली असेल तर ती भरून येत नाही.

संपूर्ण गाडीला फिल्म लावणे खर्चिक असते. त्याची प्रत्येकाला गरजही नसते. टवके उडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत: बॉनेटची पुढची कड, पुढचा बंपर, आरशांची पुढची बाजू, छताची समोरची कड, दारांचा खालचा भाग आणि मागच्या चाकापुढचा पत्रा. शेवटच्या दोन जागांवर मार बसतो तो स्वतःच्याच पुढच्या चाकांनी उडवलेल्या खड्यांचा. ज्यांचा महामार्गावरचा प्रवास नियमित आहे त्यांनी एवढ्याच भागांवर फिल्म लावली, तरी बहुतांश नुकसान टळते. ज्यांची गाडी घर ते कार्यालय एवढीच फिरते, त्यांना चांगले मेण आणि मडफ्लॅप पुरेसे आहेत.

फिल्म घेताना काही गोष्टी विचारून घ्याव्यात. ती पॉलियुरेथेनची आहे की पीव्हीसीची, हा पहिला प्रश्न. पीव्हीसीची फिल्म स्वस्त असते, पण उन्हात लवकर पिवळी पडते, ताठ होते आणि काढताना तुकड्यातुकड्यांनी निघते. दुसरा प्रश्न कापण्याचा. यंत्रावर गाडीच्या मापाने कापलेली फिल्म लावली जाते, की गाडीवरच धारदार पात्याने कापली जाते? दुसऱ्या पद्धतीत कारागिराचा हात चुकला, तर रंगावर कायमची रेघ उमटते. पूर्वी अपघातानंतर रंगवलेल्या भागाची माहिती कारागिराला आधी द्यावी. कच्च्या रंगावरची फिल्म काढताना तिच्याबरोबर रंगही निघू शकतो. नव्याने रंगवलेल्या भागावर फिल्म लावण्यापूर्वी साधारण महिनाभर थांबावे. फिल्म लावल्यानंतर सुमारे आठवडाभर गाडी धुऊ नये. पुढेही जोराच्या पाण्याचा फवारा तिच्या कडांवर जवळून मारू नये.

पुढच्या दिव्यांचे दुखणे

जुन्या अॅम्बेसिडर, प्रीमियर पद्मिनी किंवा सुरुवातीच्या मारुती ८०० या गाड्यांच्या पुढच्या दिव्यांना खरी काच असे. दगड लागला तर ती फुटे. पण वीस वर्षांनंतरही ती पिवळी पडत नसे. आजच्या दिव्यांची 'काच' ही पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लॅस्टिकची असते. हे प्लॅस्टिक हलके आहे, हवा तो आकार घेते आणि खडीच्या आघाताने सहसा फुटत नाही. मात्र त्याचा पृष्ठभाग मऊ असतो आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी ते पिवळे पडते. म्हणूनच कारखान्यात त्यावर पातळ, कठीण, पारदर्शक लेप चढवलेला असतो. वाळूचे कण, बारीक खडी आणि रोजचा कोरडा फडका यांनी हा लेप झिजला, की ऱ्हास सुरू होतो.

अमेरिकेतील 'एएए' या मोटारचालकांच्या संघटनेने २०१८ साली केलेल्या चाचण्यांत असे आढळले, की काच खराब झालेले दिवे नव्या दिव्यांच्या तुलनेत सुमारे २० टक्केच प्रकाश देतात. पावसाळी रात्री धुके दाटलेल्या घाटात या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. असा दिवा केवळ कमी प्रकाश देतो असे नाही. धूसर काचेतून प्रकाश विखुरतो आणि समोरच्या चालकाच्या डोळ्यांवरही येतो. अधिक शक्तीचा बल्ब बसवल्याने हा दोष वाढतो.

दिवे जपण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे गाडी सावलीत उभी करणे. ते शक्य नसेल तर निदान रोज एकाच दिशेला तोंड करून ती उन्हात ठेवू नये. नव्या गाडीच्या दिव्यांवर पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म लावून घेणे हा दुसरा उपाय. फिल्म पूर्ण पारदर्शकच असावी. काळसर, पिवळ्या किंवा निळ्या छटेची फिल्म प्रकाश कमी करते आणि नियमांच्या दृष्टीनेही अडचणीची ठरते. दिव्यांपुढे जाळी बसवण्याची हौसही टाळावी. तिची सावली रस्त्यावर पडते.

आधीच धूसर झालेल्या दिव्यांवर घरगुती उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. टूथपेस्टने घासल्यावर काच काही दिवस उजळ दिसते खरी, पण उरलासुरला लेपही त्यात निघून जातो. डास पळवणाऱ्या फवाऱ्यातील रसायन प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवते. पेट्रोल आणि थिनरमुळे पॉलिकार्बोनेटला आतून बारीक भेगा पडतात. हे तिन्ही प्रकार वर्ज्य समजावेत.

योग्य पद्धत अशी: दिवा स्वच्छ धुवावा. भोवतीच्या रंगावर मास्किंग टेप लावावी. ८०० किंवा १००० क्रमांकाच्या वॉटर पेपरने पाणी वापरून हलक्या हाताने घासावे. नंतर १५००, २००० आणि शक्य असल्यास ३००० क्रमांकापर्यंत जावे. शेवटी प्लॅस्टिकच्या पॉलिशने चमक आणावी. यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आणि नेमकी तीच गाळली जाते. घासलेल्या काचेवर अतिनील किरणे रोखणारा क्लिअर कोट किंवा फिल्म लावलीच पाहिजे. अन्यथा काही महिन्यांत दिवा पूर्वीपेक्षा अधिक पिवळा होतो. पिवळेपणा किंवा ओल आतल्या बाजूने असेल, काचेला तडा गेला असेल किंवा आतील परावर्तकाचा मुलामा उडाला असेल, तर घासण्यात वेळ न दवडता दिवा बदलावा.

टवक्याची घरच्या घरी दुरुस्ती

गाडीच्या रंगाचा सांकेतिक क्रमांक दाराच्या खांबावरील किंवा इंजिनच्या कप्प्यातील पट्टीवर असतो. तो देऊन अधिकृत विक्रेत्याकडून टच-अपची बाटली मिळवावी. 'पांढरा' किंवा 'चंदेरी' एवढे सांगून घेतलेला रंग क्वचितच जुळतो.

दुरुस्तीसाठी कोरडा दिवस निवडावा. जागा धुऊन पूर्ण सुकवावी. सैल झालेल्या कडा लाकडी दातकाडीने काढाव्यात. गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर पेन्सिलीच्या टोकाला गुंडाळून तेवढ्याच जागी घासावे. चकाकता पत्रा दिसेपर्यंत थांबू नये. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसावी. पत्रा उघडा असल्यास प्रथम प्रायमरचा थेंब द्यावा. तो वाळल्यावर रंगाचे दोन-तीन पातळ थर द्यावेत आणि प्रत्येक थरानंतर पुरेसा वेळ थांबावे. शेवटी क्लिअर कोट लावावा. एकाच जाड थेंबात खळगा भरण्याचा मोह टाळावा. तो वरून वाळतो, पण आत ओलाच राहतो. डाग पूर्णपणे अदृश्य होणार नाही. दुरुस्तीचा हेतू पत्रा झाकणे हा आहे.

विम्याचा हिशेब

टवक्यांचा खर्च विम्यातून वसूल करावा का, हा प्रश्न अनेकांना पडतो. हळूहळू साचलेले टवके हा एक अपघात नसून झीज समजली जाते आणि झिजेचा समावेश विम्यात नसतो. एकाच घटनेत नुकसान झाले असेल तरी गणित मांडून पाहावे. मोटार विम्याच्या प्रचलित अटींनुसार रंगकामाच्या फक्त साहित्यावर ५० टक्के घसारा धरला जातो आणि बिल एकत्रित असेल तर साहित्याचा भाग २५ टक्के मानला जातो. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांवरही ५० टक्के घसारा लागतो.

समजा, रंगकामाचे एकत्रित बिल ८,००० रुपये झाले. साहित्य २,००० रुपयांचे, त्यावरील घसारा १,००० रुपये. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी अनिवार्य वजावट आणखी १,००० रुपये. हाती येतात ६,००० रुपये. आता त्या ग्राहकाला स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर ५० टक्के 'नो क्लेम बोनस' मिळत असेल आणि मूळ हप्ता १०,००० रुपये असेल, तर दाव्यानंतर पुढील वर्षी ५,००० रुपयांची सवलत जाते. त्यापुढील वर्षी सवलत २० टक्क्यांपासून पुन्हा सुरू होते, म्हणजे आणखी ३,००० रुपये जादा भरावे लागतात. सहा हजारांसाठी दोनच वर्षांत आठ हजार गेले. शून्य घसारा किंवा बोनस संरक्षणाची जोड असल्यास हिशेब बदलतो; पॉलिसी वाचूनच निर्णय घ्यावा.

काय टाळावे

गाडीच्या पुढे लोखंडी बुलबार लावल्यास खडीपासून संरक्षण मिळते, हा गैरसमज आहे. बुलबारच्या नळ्यांमधून खडी सहज आत येते. उलट धडकेच्या वेळी तो पादचाऱ्यांना आणि गाडीतील प्रवाशांनाही घातक ठरतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवून असे बुलबार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे उल्लंघन असल्याचे स्पष्ट केले होते. गाडीच्या कडेबाहेर डोकावणारे रुंद टायरही टाळावेत. ते स्वतःच्याच दारांवर खडी उडवतात.

अखेरची गोष्ट रोजच्या सवयीची. शहरांतील अनेक सोसायट्यांत पहाटे एकाच बादलीतील पाण्याने आणि एकाच फडक्याने दहा-बारा गाड्या पुसल्या जातात. त्या फडक्यातील मातीचे कण रंगावर आणि दिव्यांवर वॉटर पेपरचेच काम करतात. गाडी पुसणाऱ्याला आपल्या गाडीसाठी वेगळे मायक्रोफायबर कापड द्यावे, आधी पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यावी आणि मगच पुसावे, एवढे सांगणे पुरेसे असते. आठवड्यातून एकदा गाडी धुताना बॉनेटच्या कडेवरून हात फिरवून नवे टवके पाहावेत आणि महिन्यातून एकदा रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून दोन्ही दिव्यांचा झोत सारखा पडतो का, हे तपासावे. या दोन तपासण्यांना मिळून दहा मिनिटेही लागत नाहीत.